माई परत आलेली नाही

ही पोस्ट नातेवाइकांपैकी निम्म्यांना आवडणार नाही आणि उरलेल्या निम्म्यांना 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' म्हणजे काय ते माहीत नसेल. दोघांनाही विनंती, आधी पूर्ण वाचा, मग फोन करा. (दुपारी दोन ते चार सोडून. तेवढीच झोप मिळते मला.)

मुद्दा आधीच सांगून टाकते. माझी पुतणी ही माझी पुतणी आहे. ती माझी आई नाही. हे इतकं उघड वाक्य लिहायची वेळ यावी याचंच मला आश्चर्य वाटतंय, पण आली आहे.

गेल्या दिवाळीत, 2025 च्या भाऊबीजेला, आम्ही सगळे दादाकडे जमलो होतो. मामा आले. पाट मांडायला सांगितला, त्यावर बसले, आणि साडेसहा वर्षांच्या माझ्या पुतणीला म्हणाले, "माई, ओवाळ." तिला गंमत वाटली. वहिनीने ताम्हण हातात दिलं, तिने ओवाळलं. मामांनी ताम्हणात साडी घातली. फ्रॉक नाही, खेळणं नाही. साडी! इरकल, आई नेसायची तसली. आणि मग ते पाटावरून उठले, त्या पोरीच्या पायाशी वाकले आणि म्हणाले, "माई, चुकलं माझं."

सगळे रडले. मी पण रडले, खोटं कशाला बोलू. कोणीतरी मोबाईलवर शूटिंग पण केलं. पोरगी मात्र तशीच उभी होती. हातातलं ताम्हण कलंडत होतं आणि निरांजनातलं तूप तिच्या परकरावर सांडत होतं, ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

रात्री ती माझ्या शेजारी झोपली होती. बराच वेळ गप्प. मग विचारते, "आत्या, मी मामाआजोबांशी काय वाईट वागले होते?"

ज्यांना घरची गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आई जून 2018 मध्ये गेली. मामा आणि ती वैजापूरकडच्या चार एकरांवरून नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. पुतणी पुढच्या एप्रिलमध्ये जन्मली. हनुवटीच्या डाव्या बाजूला तीळ, आईला होता तिथेच. दवाखान्यात दुपट्यात गुंडाळलेलं पोर बघून काकू म्हणाली, "माई आली गं!" झालं. बारशाला दादा-वहिनीने एक छान नाव ठेवलं, मीच कानात सांगितलं. ते नाव शाळेच्या रजिस्टरात आहे. घरात मात्र ती माई. "काय माई, चहा झाला का तुमचा?" "माई रुसल्या वाटतं." वहिनी एकदा तिला धपाटा घालायला गेली तर काका हसत हसत म्हणाले, "सासूवर हात उचलतेस?" वहिनीचा हात वरच राहिला. त्या दिवसापासून त्या घरात त्या मुलीला नीट रागावलेलं मी पाहिलं नाही.

आता गॅलॅक्टिका. 1978 साली याच नावाची एक अमेरिकन मालिका होती. 2003 मध्ये रोनाल्ड मूरने ती नव्याने उभी केली आणि 2009 पर्यंत चालवली. (जुन्या मालिकेतला पुरुष स्टारबक नव्या मालिकेत बाई झाली म्हणून जुन्या स्टारबकचं काम केलेल्या डर्क बेनेडिक्टने अख्खा लेख लिहून आदळआपट केली होती. मूळ नाव घेऊन नवं माणूस आलं की कोणालातरी त्रास होतोच.) मी ती तेव्हा एका मैत्रिणीच्या हार्ड डिस्कवरून पाहिली होती, आणि भाऊबीजेनंतर, का कोण जाणे, परत लावली. गेले दोन महिने रोज रात्री एक भाग.

कथा अशी. माणसांनी यंत्रं बनवली, सायलॉन. ती उलटली. पुढे त्यांच्यात अगदी माणसासारखी दिसणारी मॉडेल्स आली. एका मॉडेलच्या असंख्य प्रती, सगळ्या हुबेहूब सारख्या. आणि त्यांना मरण नाही. एक प्रत मेली की तिची जाणीव, तिच्या आठवणी, जवळपास असलेल्या पुनरुत्थान जहाजाकडे जातात आणि त्याच मॉडेलच्या नव्या कोऱ्या शरीरात उतरतात. चिकट द्रवाने भरलेल्या टबातून ती दचकून उठते. मेल्याची आठवण सकट. जहाज टप्प्यात नसेल तर मात्र खरं मरण.

इथे आमच्या काकांचं ठरलेलं वाक्य येतं. "यात नवीन काय? आपल्या गीतेत आहे. जुने कपडे टाकून नवे घालायचे."

काका, नाही हो. अगदी उलटं आहे. गीतेतल्या पुनर्जन्मात शरीर बदलतं आणि आठवण राहत नाही. चौथ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला सांगतो की आपल्या दोघांचेही पुष्कळ जन्म होऊन गेले, मला ते ठाऊक आहेत, तुला नाहीत. अर्जुनाला! साक्षात कृष्णाचा मित्र, त्याला सुद्धा काही आठवत नाही. सायलॉनमध्ये शरीर तेच येतं आणि आठवणही तीच. मग आपल्या घरात जे चाललंय ते यातलं कुठलं? गीतेतलं म्हणाल तर आई कुठे, कोणाच्या पोटी गेली हे ओळखायचं काहीच साधन आपल्याकडे नाही, तीळ तर नाहीच नाही. सायलॉनचं म्हणाल तर तिला वैजापूरची चार एकर आठवायला हवीत. तिला सातचा पाढा आठवत नाही.

म्हणजे आपण धरून बसलोय ते फक्त तिळाला. मॉडेल नंबरला.

बरं, दरवर्षी पितृपक्षात आईच्या तिथीला आपण पान वाढतो, गच्चीवर कावळ्याला घास ठेवतो आणि त्याच वेळी खाली हाक मारतो, "माई, चला जेवायला." ती गच्चीवर आहे की खाली? (गुरुजी म्हणतात पिंड कुठल्याही योनीत पोचतो. पोचू दे. पण मग निदान घास कोणाच्या नावाने ठेवतोय ते त्या मुलीसमोर बोलू नका. गेल्या वर्षी तिने विचारलं होतं, "माझा घास कावळ्याला का दिला?")

गॅलॅक्टिकात शॅरॉन नावाची एक वैमानिक आहे, आठ नंबरचं मॉडेल. टोपणनाव बूमर. ती सायलॉन आहे हे तिचं तिलाच माहीत नसतं. आणि पहिल्या सीझनच्या शेवटी तिच्या आत दडवून ठेवलेला हुकूम जागा होतो आणि ती आपल्याच कमांडर अडामाला गोळ्या घालते. तो वाचतो. तिला पुढे जहाजावरचीच एक मुलगी गोळी घालून मारते आणि ती दूर कुठेतरी टबातून उठते. त्याच काळात दुसरीकडे, दुसऱ्या ग्रहावर, आठ नंबरचीच दुसरी एक प्रत एका माणसाच्या प्रेमात पडलेली असते. तिला त्याच्यापासून दिवस गेलेले असतात. ती आपल्या लोकांना सोडून माणसांकडे येते. अडामा तिला बघतो आणि काय करतो? तिचा गळा धरतो. तिने त्याला कधी पाहिलेलंही नसतं. गोळी दुसरीने घातलेली, गळा हिचा.

हा भाग मी भाऊबीजेनंतर परत पाहिला तेव्हा मला टीव्ही बंद करावा लागला. आत्या, मी मामाआजोबांशी काय वाईट वागले होते?

आणि आता बघा, या दुसऱ्या शॅरॉनकडे बूमरच्या जुन्या आठवणी सुद्धा आहेत. गॅलॅक्टिकावर ती पहिल्यांदा कशी आली, कोण काय बोललं, ते तिला आठवतं. तरीही ती बूमर नाही. म्हणजे उद्या समजा आपली पोरगी झोपेतून उठली आणि तिने चार एकरांचा गट नंबर घडाघडा सांगितला, तरी ती आई होत नाही. आईच्या आठवणी असलेली एक सहा वर्षांची मुलगी होते. तिला तेव्हा आपली जास्तच गरज असेल.

मग ही दुसरी शॅरॉन स्वतःची कधी झाली? या बाबतीत मालिकेतच एक उत्तर दिलंय आणि फॅन मंडळींना ते फार आवडतं. चौथ्या सीझनमध्ये, 2008 साली, बंडखोर सायलॉन माणसांशी हातमिळवणी करतात आणि पुनरुत्थानाचं केंद्रच उडवून देतात. आता सगळ्यांनाच खरं मरण. त्यांची पुढारी नताली, सहा नंबरची, भाषणात मांडते की मरण असल्याशिवाय जगण्याला अर्थ येत नाही. टाळ्या.

मला हे मुळीच पटत नाही. 'मरणामुळे जगण्याला अर्थ' हे वाक्य मी स्मशानात, शोकसभेत आणि व्हॉट्सअॅपवर इतक्या वेळा ऐकलंय की आता कोणी म्हटलं की उठून पाणी प्यायला जाते. आईच्या मरणाने कशाला काय अर्थ आला मला सांगा. शॅरॉन तर हे केंद्र उडायच्या कितीतरी आधी शॅरॉन झाली होती. तिने नवरा निवडला, बाजू निवडली, मूल जन्माला घातलं, कोठडीत दिवस काढले, शपथ घेऊन गणवेश चढवला. आणि मग तिसऱ्या सीझनमध्ये (2006) एक अगदी छोटा प्रसंग आहे. बाकीचे वैमानिक बसून तिच्यासाठी टोपणनाव शोधतात. बूमर चालणार नाही, ते दुसरीचं. बरीच थट्टा होते आणि शेवटी नाव ठरतं, अथीना. मोठमोठी युद्धं, स्फोट, अवकाशयानं, सगळं एका बाजूला आणि तो पाच मिनिटांचा नाव ठेवायचा प्रसंग एका बाजूला. आपल्याकडे त्यालाच बारसं म्हणतात. आपण बारसं केलं, घुगऱ्या वाटल्या, आणि ठेवलेलं नाव दुसऱ्या दिवशी विसरलो.

आता प्रामाणिकपणे माझ्या विरुद्ध जाणारी गोष्ट पण सांगायला हवी. शेवटच्या सीझनमध्ये बूमर परत येते, अथीनाला बांधून ठेवते आणि अथीना बनून तिच्या घरात वावरते. नवऱ्याला ओळखू येत नाही. खुद्द नवऱ्याला! लहान मुलीला पळवून घेऊन जाते ती. मग वेगळेपण वेगळेपण म्हणून जे मी सांगतेय ते बाहेरून दिसतं का? नाही दिसत. हेच तर आहे. माझ्या पुतणीने भाताचं मूद फोडताना अंगठा जसा वळवला तसा आई वळवायची, ते बघून माझ्या हातातला घास खाली पडला होता. अगदी हुबेहूब. एक क्षण मी पण "आई" म्हणणार होते. बाहेरून काही फरक दिसत नव्हता. त्या क्षणी फरक मला माहीत असायला हवा होता, दिसायला नव्हे.

आणि कॅव्हिल. मंडळी, कॅव्हिलबद्दल मला आधी काहीच वाटलं नव्हतं. एक नंबरचं मॉडेल, म्हातारा, कुजकट बोलणारा खलनायक, डीन स्टॉकवेलने काम फार भारी केलंय. 2009 च्या शेवटच्या भागांमध्ये कळतं की हा असा का आहे. त्याला बनवणारी एलन, म्हणजे त्याची आईच म्हणा, तिने त्याचं शरीर स्वतःच्या वडिलांसारखं घडवलं होतं. नाव पण वडिलांचंच ठेवलं, जॉन. प्रेमाने! तिला वडिलांची आठवण येत असणार. आणि तो जॉन त्या शरीराचा, त्या चेहऱ्याचा इतका द्वेष करतो की आपल्या निर्मात्यांनाच मारून, त्यांच्या आठवणी पुसून, खोट्या आयुष्यात ढकलून देतो. सात नंबरचं मॉडेल एलनला जास्त आवडतं म्हणून ती अख्खी मालिकाच नासवून टाकतो. माणसांच्या बारा वसाहती बेचिराख होतात त्याच्या मुळाशी हा राग आहे. कोणीतरी मेलेल्या आजोबाचा चेहरा नातवाला चढवला, एवढंच.

मी असं म्हणत नाही की आमची पोरगी अणुबॉम्ब टाकेल. पण सोळाव्या वर्षी ती आरशात बघेल तेव्हा तिला तीळ कोणाचा दिसावा?

आमच्या गावाला ही खोड जुनी आहे. बीबी का मकबरा घ्या. लहानपणापासून पाहुण्यांना घेऊन किती वेळा गेले असेन त्याची गणती नाही. प्रत्येक पाहुण्याचं पहिलं वाक्य तेच, "ताजपेक्षा लहान आहे ना?" मग "नक्कल आहे", "गरिबांचा ताज". संगमरवर घुमटाला आणि थोडाफार इतरत्र, बाकी चुन्याचा गिलावा, हे सगळे मोजून दाखवतात. त्यात पुरलेल्या बाईचं नाव विचारा, दहातले नऊ गप्प. दिलरस बानो. औरंगजेबाची बायको, 1657 मध्ये बाळंतपणानंतर गेली. आणि ताजमधली मुमताज म्हणजे तिची सासू, जी हिच्या लग्नाच्या सहा वर्षं आधीच वारली होती. सुनेची कबर, आणि साडेतीनशे वर्षं आपण तिला सासूच्या कबरीची नक्कल म्हणतोय! वहिनीला हे सांगितलं तर ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मकबऱ्याच्या दारावर तो बांधणाऱ्यांची नावं आहेत, अताउल्ला आणि हंसपत राय. ताज ज्याच्या नावावर सांगतात त्या उस्ताद अहमद लाहोरीचा हा अताउल्ला मुलगा. बापाचं काम पुढ्यात असताना मुलाने काय वेगळं केलं, ते बघायला कोणी थांबत नाही. तिकीट काढायचं, ताजची आठवण काढायची, फोटो काढून निघायचं.

डिसेंबरात पुतणीला घेऊन वेरूळला गेले होते. शाळेला सुट्टी, दादा-वहिनीला काम, आम्ही दोघीच बसने गेलो. कैलास बघून झाल्यावर सहसा लोक दमून परततात, पण मला तिला बारा नंबरचं लेणं दाखवायचं होतं, तीन ताल. वरच्या मजल्यावर मागच्या भिंतीला बुद्धांच्या दोन रांगा आहेत, गाभाऱ्याच्या एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सात. सगळे बसलेले, सगळ्यांचे चेहरे सारखे. वर गेल्यावर तिने बोट लावून मोजले आणि विचारलं, "हा एकच माणूस सात वेळा बसलाय का?"

नाही गं, म्हटलं, सात जण आहेत. एका रांगेवर छत्र्या कोरल्यात, दुसऱ्या रांगेवर झाडांची पानं. गौतमाच्या आधी होऊन गेलेले सहा बुद्ध आणि सातवा गौतम. आधीचाच परत आला असं नाही, प्रत्येकाची आई वेगळी, गाव वेगळं. आणि प्रत्येकाचं झाड वेगळं, ज्याच्याखाली बसून त्याला बोध झाला ते. कनकमुनीचा उंबर, काश्यपाचा वड, गौतमाचा पिंपळ, क्रकुच्छंदाचा शिरीष. तोंडावरून ओळखता येत नाहीत, कोण कुठे बसला त्यावरून ओळखायचे. ती बराच वेळ मान वर करून बघत होती. मग म्हणाली, "आमच्या शाळेत बदाम आहे. मी त्याच्याखाली डबा खाते." बास, तेवढंच. मग तिला भूक लागली आणि आम्ही खाली उतरलो.

मामा, तुम्ही हे वाचणार आहात मला माहीत आहे. दादाने लिंक पाठवली नाही तरी ताई पाठवेलच. तुमच्या डोळ्यातलं पाणी खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण तुम्ही माफी अशा बाईकडे मागितलीत जिला 'नाही' म्हणता येत नव्हतं. आई असती तर काय म्हणाली असती मला माहीत नाही. कदाचित म्हणाली असती, आधी जमिनीचं बोल. कदाचित काहीच न बोलता चहा टाकला असता. नऊ वर्षं तुम्ही आला नाहीत आणि ती पण गेली नाही, आणि आता ते कोणालाही भरून काढता येणार नाही, तुम्हाला नाही आणि मला तर नाहीच. शेवटच्या आठवड्यात ती दवाखान्यात असताना मी ऑफिसच्या कामासाठी दोन दिवस मुंबईला गेले होते. 'माई परत आली' म्हटलं की माझे ते दोन दिवस पण पुसले जातात ना! मला ते पुसायचे नाहीत. आई परत आली असेल तर मग ती गेलीच नव्हती, आणि मग मी गेली सात वर्षं कोणासाठी रडतेय?

काकू, तू तर वाचशीलच. तू पहिल्यांदा "माई आली" म्हणालीस ते आनंदाने म्हणालीस, तुझ्यावर राग नाही. पण आता बास कर.

ती साडी मी दादाच्या कपाटातून घेऊन आले आहे. इरकल चांगली आहे, नेसेन. ती मामांनी त्यांच्या बहिणीसाठी घेतली होती, मी तिची मुलगी, तेव्हा माझ्याकडे यायला हरकत नसावी. मामांनी पुतणीला काहीतरी द्यायचं असेल तर तिला सायकल हवी आहे, निळी, पुढे टोपली असलेली.

एप्रिलमध्ये तिला सात वर्षं पूर्ण होतायत. दादाकडे संध्याकाळी सहा वाजता. केकवर तिचं नाव असेल, बारशाचं. मी स्वतः दुकानात लिहून देणार आहे. ज्यांना ते आठवत नसेल त्यांनी दारात मला विचारावं, मी हळूच कानात सांगेन, तेव्हा तिच्या सांगितलं होतं तसंच. आणि जो कोणी आत येऊन "काय माई" म्हणेल त्याला केक मिळणार नाही. वहिनीशी बोलणं झालंय, ती पण सुरी घेऊन माझ्या बाजूने उभी राहणार आहे :)